विटांची दुपार

ही गोष्ट अजून न आलेल्या एका हिवाळ्यातली आहे. तो यायला फार वर्षं उरलेली नाहीत. आज जे पाचवी-सहावीत आहेत, त्यांच्या डोक्यात तेव्हा जेमतेम चार पांढरे केस असतील.

त्या हिवाळ्यात वल्लरी नावाची एक मुलगी आजोबांच्या घरी बसून एका कोड्याशी झटापट करत होती. कोडं असं: घरात ऊब देणाऱ्या विजेच्या शेगड्या तीन, तिन्ही धडधाकट. भिंतीवर नवाकोरा मीटर. बाहेर डोळे दिपवणारं ऊन. तरीही दिवेलागण झाली की घर असं गार पडायचं, की भातावरचं तूप वाढता वाढता थिजायचं. आजोबा कानटोपीवर मफलर, मफलरवर शाल आणि शालीवर वल्लरीच्या आईचं बोलणं, असं सगळं पांघरून बसायचे.

"रविवारी सकाळी शेवटची केबिन आहे, बाबा," आई म्हणाली. "तुम्ही आमच्याबरोबर मिरजेला येताय. विषय संपला."

"कुठे संपला? आत्ता तर काढलास," आजोबा शालीतून म्हणाले.

हे घर होतं लडाखमधल्या थांगरीच्या पठारावर, वेधशाळेच्या (मोठमोठ्या दुर्बिणी लावून जिथून ग्रह-तारे बघतात त्या जागेच्या) वसाहतीत. इथे यायला खालून रोपवे होता. बर्फ पडून खिंड बंद झाली, की रोपवेच्या केबिनी थेट वसंतातच पुन्हा हलायच्या. म्हणजे रविवारी जो खाली गेला नाही, तो सगळा हिवाळा वरच. आणि अशा गार घरात आपल्या वडिलांना एकटं ठेवून जायचं, हे आईच्या मनाला काही केल्या पटत नव्हतं.

"मिरजेला आकाश आहे का?" आजोबांनी विचारलं.

"आहे की. गच्चीवर गेलं की आहे."

"ते आकाश नव्हे. ते दिव्यांनी रंगवलेलं छत. तारे दिसतात ते आकाश."

हेमंत आजोबा म्हणजे आईचे वडील, आणि खगोलशास्त्रज्ञ (आकाशातल्या गोष्टींचा अभ्यास करणारे). सगळी नोकरी त्यांनी या पठारावर काढली होती. निवृत्त झाल्यावरही दुर्बिणीवरची तरुण मंडळी अडली की त्यांनाच फोन करायची, आणि आजोबा खिडकीशी उभे राहून, दूरवरच्या पांढऱ्या घुमटाकडे बघत, "अरे, आधी आरसा गार होऊ दे!" असं ओरडायचे. खाली मिरजेत त्यांना फार फार तर दुधाच्या पिशव्यांसाठी फोन आले असते.

आई आत गेल्यावर ते हळूच म्हणाले, "वल्ले, हे सगळं त्या जावईबापूंमुळे झालं."

जावईबापू म्हणजे नवा स्मार्ट मीटर. पावसाळ्यानंतर वसाहतीतले जुने मीटर काढून हे बसवले होते. आजोबांच्या मते तो दाराजवळ मानाने बसून असतो, काडीचं काम करत नाही आणि त्याच्याशी अदबीने बोलावं लागतं, म्हणून जावईबापू.

"जुना मीटर होता तोवर या घरात मी बनियनवर फिरत होतो," आजोबा म्हणाले. "हे आले आणि घराला हुडहुडी भरली."

वल्लरीला घरात सगळे वल्ली म्हणत, आणि ती होतीही तशीच वल्ली. कोणी एखाद्यावर आळ घेतला, की ज्याच्यावर आळ आला त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मग तो मीटर का असेना. शिवाय तिला खरंच आजोबा खाली यायला नको होते. ते तिला आवडत नव्हते म्हणून नव्हे. फार आवडत होते म्हणून. आजोबांना छताखाली बघवलं नसतं तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तपास सुरू केला. आधी उदबत्ती पेटवून खिडकीच्या फटींपाशी धरली. फटीतून वारा येत असेल तर धूर वाकडा होणार. धूर कुठेही वाकला नाही. म्हणजे ऊब बाहेर पळत नव्हती. मग ती आत आली असेल तरी का?

आजोबा स्वयंपाकघरात थालीपीठं लावत होते. शेवटचं थालीपीठ तव्यावर असतानाच त्यांनी चूल बंद केली.

"आजोबा, कच्चं राहील ना ते!"

"बघत राहा."

ते थालीपीठ बंद चुलीवर निवांत चुरचुरत राहिलं आणि आधीच्यांपेक्षा खमंग झालं.

"लोखंडी तवा," आजोबा म्हणाले. "जाड, जड. तापायला वेळ घेतो आणि निवायलाही. आपली शेगडी म्हणजे हाच प्रकार. तिला म्हणतात स्टोरेज हीटर, आपण साठवण-शेगडी म्हणू. तिच्या पोटात जाडजूड विटा असतात आणि विटांमधून तारा. वीज आली की विटा तापतात. वीज गेली तरी विटा ऊब धरून ठेवतात आणि पुढे कितीतरी वेळ हळूहळू सोडतात."

"मग हवी तेव्हाच का नाही तापवायची? आधीपासून कशाला?"

"हा खरा प्रश्न!" आजोबा खूश झाले. प्रश्न चांगला आला की त्यांच्या कानटोपीचा गोंडासुद्धा हलायचा. "असं समज, एका खानावळीत भली मोठी भट्टी आहे. ती विझवली तर पुन्हा पेटवायला नाकी नऊ येतात, म्हणून ती रात्रभर धगधगत ठेवतात. पण रात्री जेवायला कोण येणार? म्हणून खानावळवाला म्हणतो, रात्री या, निम्म्या किमतीत जेवा. पूर्वी कोळशाची वीजघरं अशीच होती. रात्री सगळे झोपलेले, वीज उरायची, म्हणून ती स्वस्त. जुना मीटर रात्री शेगड्यांना वीज सोडायचा. मी दुर्बिणीवर, विटा इथे खातायत पोटभर, आणि सकाळी मी परत आलो की घर कसं, आईच्या पदरासारखं."

"आणि नवा मीटर?"

आजोबांचा गोंडा थांबला. "ते त्यांनाच विचार. मी नाही बोलत त्यांच्याशी."

दाराजवळच्या भिंतीवर एक गुळगुळीत डबी होती, तळहाताएवढी. वल्लरी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"नमस्कार," ती म्हणाली.

"नमस्कार," मीटर तत्परतेने म्हणाला. आवाज असा, जणू शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला आलेला. "आपण प्रथमच माझ्याशी बोलत आहात. मला आनंद झाला, असे म्हणण्याची पद्धत आहे."

"तू एरवी गप्प का असतोस?"

"विचारल्याशिवाय बोलू नये अशी मला सूचना आहे. मी येथे आलो त्या दिवशी दुपारी एक घोषणा केली. त्यावर गृहस्वामी म्हणाले, 'गप बस, मेल्या.' पहिले दोन शब्द मी सूचना म्हणून नोंदवले. तिसऱ्याचा अर्थ अद्याप लागलेला नाही."

वल्लरीने हसू दाबलं. "बरं, तुला काय काय येतं?"

"मला दोन गोष्टी कळतात. किती आणि केव्हा. या घराने किती वीज घेतली आणि केव्हा घेतली. जुन्या मीटरला फक्त 'किती' कळत असे. 'केव्हा' कळण्यासाठी त्याच्याजवळ वेगळे घड्याळ लावावे लागे. मी ग्रिडशी (वीजघरांना आणि घरांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याशी) सतत बोलतो. ग्रिड सांगते, आता वीज भरपूर आहे. मग मी शेगड्यांना सोडतो."

"रात्री ना?"

"नाही. सूर्य माथ्यावर असताना."

वल्लरीने पुन्हा विचारलं, उत्तर तेच आलं. मग तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. पठाराच्या उतारावर काळ्या-निळ्या सौर पाट्यांची (उन्हापासून वीज करणाऱ्या फलकांची) रांगच्या रांग चमकत होती. आणि तिला लख्ख उमगलं. भट्टी बदलली होती! कोळशाची भट्टी रात्री उरायची. सूर्याची भट्टी दुपारी उतू जाणार. मग वीज उरणार दुपारी. स्वस्त दुपारी. विटा जेवणार दुपारी.

"मग आमच्या विटा दुपारी जेवतात का?"

मीटर म्हणाला, "ती माहिती या घराची आहे. गृहस्वामींच्या परवानगीशिवाय मी ती कोणालाही देत नाही. आपल्यालाही नाही. क्षमस्व."

"मी नात आहे त्यांची!"

"अभिनंदन. पण नाही."

वल्लरी तरातरा आजोबांकडे गेली. आजोबांनी दोन गोष्टी ऐकल्या. वीज आता दुपारी सोडतात, हे ऐकून ते म्हणाले, "अस्सं होय!" आणि विचारात पडले. पण घराची माहिती उघडायची परवानगी हवी, हे ऐकल्यावर एकदम ताठ झाले.

"काही गरज नाही. माझ्या घरात मी काय करतो, कधी दिवा लावतो, कधी मालवतो, त्याच्याशी कोणाला काय करायचंय? हा मीटर नव्हे, चुगलखोर आहे."

"पण तो तर सांगत नाहीये. उलट परवानगी मागतोय."

"मग मी नाही देत. झालं."

जेवणं झाल्यावर आजोबा खोलीत जाता जाता म्हणाले, "मी जरा पडतो. तुम्ही दोघी हिंडून या. घरात आवाज नको." रोजच दुपारी ते असं म्हणायचे आणि रोजच आई वल्लरीला घेऊन बाहेर जायची. त्या दिवशी त्या शेजारच्या डोल्करकाकूंकडे गेल्या. काकूंच्या घरात पाऊल टाकलं आणि वल्लरीने आधी टोपी काढली, मग स्वेटर काढला, मग मोजे. तशाच तीन शेगड्या, तसाच मीटर, तेच ऊन. फक्त कोपऱ्यातली शेगडी मधूनच टक् करायची. मग थोड्या वेळाने पुन्हा टक्.

"हे काय वाजतंय, काकू?"

"विटा जाग्या होतायत," काकू जर्दाळू पुढे करत म्हणाल्या. "दुपारी तापायला लागल्या की पत्रा असा टकटक करतो. मला तर सोबत वाटते त्याची."

आईने समजावलं, "तापलं की पदार्थ किंचित फुगतो. त्याला प्रसरण म्हणतात. शेगडीचा पत्राही तापून लांबरुंद होतो आणि सांध्यात सरकतो, त्याचा तो आवाज. बोटं मोडल्यासारखा."

वल्लरी जर्दाळू चघळायची थांबली. आजोबांच्या घरात तिने हा आवाज एकदाही ऐकला नव्हता. ऐकणार कसा? दुपारी ती घरात नसायचीच. दुपारी घरात असायचे फक्त आजोबा. आणि आजोबांना आवाज नको असायचा.

ती एकटीच घरी पळाली. आजोबा उठून चहा ठेवत होते.

"आजोबा, दुर्बिणीत जे दिसलं ते तुम्हाला नकोसं असलं, तर तुम्ही काय करायचा?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला वाटत होतं तारा इथे असणार, आणि तो भलतीकडेच दिसला. मग?"

"मग काय, दिसला तिथेच लिहायचा. आपल्याला आवडला नाही म्हणून तारा हलत नाही."

"मग द्या ना परवानगी."

आजोबा चहाकडे बघत राहिले. चहा उकळून वर आला, त्यांनी तो खाली घेतला, पुन्हा वर येऊ दिला. मग ते म्हणाले, "तुझ्या आईला दाखवणार नसशील तर."

"का?"

"कारण तिला दिसेल की मी दुपारी झोपतो. चांगला दोन-अडीच तास. सगळा जन्म रात्री जागलो मी, वल्ले. माझी रात्र दुपारीच व्हायची, ती सवय काही जात नाही. पण ती म्हणेल, बघा, बाबा थकले. थकलेल्या माणसाला कोण इथे राहू देणार?"

वल्लरीने आजोबांची शाल नीट केली, एवढंच. मग आजोबा उठले, दाराशी गेले आणि मीटरला म्हणाले, "दाखवा जावईबापू, काय दाखवायचंय ते."

डबीवर एक आलेख (चढउतार दाखवणारी रेघ) उमटला. सकाळी रेघ सपाट होती. ऊन चढलं तशी ती डोंगरासारखी वर निघाली, आणि मग, अर्ध्या चढावरच, कोणी सुरीने कापावी तशी धाडकन खाली. मग कितीतरी वेळ सपाट. अगदी शेवटी, ऊन कलताना, एक एवढीशी टेकडी. आदल्या दिवशी तेच. त्याच्या आदल्या दिवशीही तेच.

"इथे काय झालं?" वल्लरीने त्या कड्यावर बोट ठेवलं.

"'का' मला दिसत नाही," मीटर म्हणाला. "शेगड्यांनी वीज घेणे थांबवले, एवढेच मी सांगू शकतो."

"दुपारी तुम्ही काय करता, आजोबा?"

"काही नाही. जरा पडतो."

"'जरा' हे एकक माझ्याकडे नाही," मीटर म्हणाला. "आलेखावरील सपाट भागास 'जरा' म्हणावे काय?"

"तुम्ही मध्ये बोलू नका!" आजोबा ओरडले, आणि तोंड उघडं तसंच राहिलं. ते सावकाश बैठकीच्या खोलीतल्या शेगडीकडे वळले. शेगडीवरच्या भिंतीत एक बटण होतं. साधं, पांढरं.

"ती टकटक करायची," ते म्हणाले. "नवा मीटर आल्यापासून भर दुपारी टकटक. मला वाटलं, यांनीच काहीतरी बिघडवून ठेवलंय. म्हणून पडण्याआधी मी तिन्ही शेगड्यांची बटणं बंद करायचो. उठलो की चालू. म्हटलं, विटा काय, रात्री तापतातच की."

"पण रात्री त्यांना कोणी वाढतच नव्हतं."

"आणि दुपारी त्या पानावर बसल्या की मीच ताट ओढून घेत होतो."

आजोबा खुर्चीत बसले. आधी कपाळावर हात मारला, मग हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. "लाखो कोटी मैलांवरच्या ताऱ्याची ऊब मोजली मी, वल्ले. आणि घरच्या विटांना उपाशी ठेवलं."

"मी आईला नाही सांगणार," वल्लरी म्हणाली.

"नको. मीच सांगतो. तारा दिसला तिथेच लिहायचा."

आई आली. आजोबांनी सगळं सांगितलं, बटणांचं आणि झोपेचं, तिच्याकडे न बघता, रिपोर्ट वाचल्यासारखं. आई कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"तुम्ही दुपारी झोपता हे मला माहीत नाही असं वाटलं तुम्हाला?" शेवटी ती म्हणाली. "मी याच घरात वाढले, बाबा. दुपारी आम्ही चपला हातात घेऊन चालायचो. शिंक आली तर उशीत तोंड खुपसायचो. वल्लीला रोज बाहेर काय मी वारा खायला नेते?"

आजोबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"झोपायचं म्हणून मी नेत नव्हते तुम्हाला," आईचा आवाज मऊ झाला. "कुडकुडता म्हणून नेत होते. रात्री मला तिकडे झोप लागणार नाही, बाबा. घर उबदार राहतंय असं मला माझ्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. उद्या शनिवार. उद्या संध्याकाळी दिसलं, तर बघू. नाही दिसलं, तर परवाच्या केबिनमध्ये तिघं."

म्हणजे एकच दुपार हातात होती.

आणि एक अडचण उरलीच होती. विटांची दुपार तीच आजोबांची दुपार. बटणं चालू ठेवली तर टकटकीने आजोबांची झोप मोडणार. एक दिवस ते सोसतील, पण अख्खा हिवाळा? अशाने पुन्हा एखाद्या दुपारी हात बटणाकडे गेलाच असता. हे आजोबांना ठाऊक होतं, आणि आईलाही.

शनिवारी सकाळी वल्लरी पुन्हा मीटरसमोर उभी राहिली. "ग्रिड तुला सांगते, तू आम्हाला सांगतोस. पण आम्ही तुला काही सांगितलं तर?"

"मी ऐकतो. दोन्ही बाजूंनी बोलता येणे, हाच माझ्यात आणि जुन्या मीटरमध्ये मोठा फरक आहे. परंतु आजवर मला एकच सूचना मिळालेली आहे."

"माहितेय. बरं, स्वस्त वीज किती वेळ असते?"

"आज आकाश निरभ्र आहे. न्याहारीनंतर थोड्या वेळाने सुरू होऊन चहापर्यंत."

"आणि एका शेगडीचं पोट भरायला एवढा सगळा वेळ लागतो?"

"नाही. एकटीला त्याच्या निम्मा पुरतो. परंतु सकाळची थोडी वीज तिघींत वाटली गेली, की विटा जेमतेम कोमट होतात."

वल्लरीने टाळी वाजवली. मग तिन्ही शेगड्यांना एका पंगतीत कशाला बसवायचं? आजोबांच्या खोलीतली शेगडी आधी जेवेल, ते जागे असताना. त्यांचं जेवण होईतो तिचंही होईल. मग ते झोपले की दुसऱ्या टोकाच्या दोन शेगड्या, दार लोटून घेतलेलं. टकटक तिकडे, आजोबा इकडे.

"तिन्हींच्या वेळा वेगवेगळ्या ठेवता येतील का?"

"येतील. कोणी विचारलेच नव्हते," मीटर म्हणाला. तो दुखावलेला वाटला, पण ते वल्लरीचं मन असेल.

आजोबांच्या खोलीतली शेगडी सकाळीच वाजू लागली. आजोबा पलंगावर बसून प्रत्येक टक् ला मान डोलवत होते, एखाद्या विद्यार्थ्याचं वाचन ऐकावं तसे. जेवणानंतर ते खोलीत गेले. आई आणि वल्लरी बैठकीत बसून राहिल्या, चपला हातात नव्हत्या तरी श्वास धरून. बैठकीतली शेगडी वाजली. टक्. दोघी दाराकडे बघत राहिल्या. आतून काही नाही. मग आणखी एक टक्, आणि त्याच्यामागोमाग आजोबांच्या घोरण्याचा आवाज, असा दणदणीत, की त्यापुढे विटांनी लाजावं.

आई तोंडावर पदर धरून हसली.

ऊन उतरलं. पठारावर निळी सावली पसरली. ज्या वेळी रोज घरात थंडी शिरायची ती वेळ आली आणि तिघं बैठकीत जमले, कोणी परीक्षेचा निकाल वाचणार असल्यासारखे. शेगड्यांच्या झडपा (ऊब बाहेर सोडणाऱ्या लहानशा खिडक्या) उघडल्या होत्या. वल्लरी आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. आईने भात वाढला, तूप वाढलं, ते वितळून भातात जिरलं. ती उठून प्रत्येक खोलीत जाऊन आली. आजोबांच्या पलंगावर जरा बसली, भिंतीला हात लावून पाहिला. परत आली तेव्हा शाल तिच्या खांद्यावर नव्हती.

मग तिने फोन घेतला आणि रोपवेच्या खिडकीवरच्या माणसाला म्हणाली, "उद्या सकाळच्या तीन जागा आहेत ना आमच्या? त्यातली एक रद्द करा. हो, एकच."

आजोबांनी मफलर काढून घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी घातली.

"पण बाबा, या मीटरचं रोजचं मला कळलं पाहिजे," आई म्हणाली. "तिकडे बसून बघेन मी, विटा जेवल्या की नाही."

"परवानगी लागते त्याला," आजोबा ऐटीत म्हणाले. मग मीटरकडे वळले. "जावईबापू, माझ्या मुलीला विटांचं तेवढं सांगत जा. बाकीचं काही नाही. आणि आता बोलायला हरकत नाही तुम्हाला."

"आभारी आहे. सूचना नोंदवली."

वल्लरी खिडकीशी गेली. वसाहतीतल्या घरांमध्ये एकेक दिवा लागत होता. कोळसा नव्हता, धूर नव्हता. प्रत्येक घराच्या पोटात दुपारचं ऊन विटांच्या रूपाने बसलेलं होतं आणि आता हळूहळू बाहेर येत होतं. असं खाली मिरजेतही होऊ शकेल. तिथे थंडी नाही, पण तिथे दुपारच्या उन्हाच्या विजेवर पाणी गार करून ठेवता येईल, संध्याकाळच्या उकाड्यासाठी. तिच्या डोक्यात एकामागून एक गोष्टी येऊ लागल्या.

"मीटर," तिने विचारलं, "या सगळ्या घरांत मिळून आज किती ऊन साठलंय?"

"दुसऱ्यांच्या घरातले मी सांगू शकत नाही," मीटर म्हणाला. "आपल्या घरातले सांगतो. उद्या सकाळपर्यंत पुरेल इतके."

"बास की मग," आजोबा म्हणाले. "सकाळी तो पुन्हा उगवतोच."